नर्सबाईंची पेटी : बोटीच्या पंपाची नाडी



मागच्या खेपेस आम्ही गुडघेदुखीवर लिहिले होते. ह्या वेळचा विषय पाहून काही जण म्हणतील, नर्सबाईंचे डोके ठिकाणावर आहे ना? कारण विषय आहे बोटीतला पंप आणि त्याची वीज. पण आपल्या मंडळींची पोरे-नातवंडे आता अश्दोद, एलातच्या मरीनात बोटी ठेवू लागली आहेत. चौघे मित्र मिळून एक जुनी बोट घेतात आणि शुक्रवारी सकाळी समुद्रावर निघतात. तेव्हा हे घरात कोणाला तरी ठाऊक असलेले बरे. शिवाय आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावला फुटले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. त्यात पंप नव्हता एवढे नक्की!

हे सर्व आम्हांस शिकवले ते जेद्दाहच्या एका कामगाराने. तो आमच्या रेवदंड्याचाच.

२०२३च्या एप्रिलात पेसाह झाल्यावर आम्ही गावी गेलो होतो. पूर्वी इकडून मुंबईला जाणारे विमान तांबड्या समुद्रावरून खाली उतरून येमेनला लांब वळसा घालीत असे. सौदी अरेबियाने २०२२च्या जुलैत आणि ओमानने २०२३च्या फेब्रुवारीत आपले आकाश मोकळे केले, म्हणून आमचे विमान सरळ गेले. खिडकीतून तास न्‌ तास नुसती पिवळी वाळू. आम्ही मनात म्हटले, जिथे आपला पाय कधी लागायचा नाही त्या मुलखावरून निदान डोळे तरी फिरले.

रेवदंड्यास आमच्या जुन्या घराला लागून एक कोकणी मुसलमानांचे घर आहे. तिथली बाई आमची शाळासोबतीण. तिचे सासरे मुंबईहून जेद्दाहला हाजी लोकांना नेणाऱ्या जहाजांवर खलाशी होते. (ती समुद्रातली यात्रा १९९५ साली बंद झाली.) आता तिचा मुलगा जेद्दाहला असतो, पण जहाजावर नाही. शहराच्या उत्तरेला ओभूर नावाची खाडी आहे, तिला तिथले लोक शर्म ओभूर म्हणतात. खाडी समुद्रातून दहा-एक किलोमीटर आत शिरलेली, पाणी निळे आणि संथ, म्हणून हौशी लोकांच्या बोटी तिथे बांधलेल्या असतात. आमच्या मैत्रिणीचा मुलगा ह्या बोटींचे वायरिंग करतो. ईदला तो घरी आला होता.

आम्ही ओसरीवर शिरखुर्मा खात बसलो होतो आणि आमच्या अश्दोदच्या नातवाचा फोन आला. म्हणाला, "सफ्ता, बोटीचा पंप पुन्हा बंद. दुसरा नवीन आणला, तोही तीन आठवड्यांत मेला. आता तिसरा आणतो."

शेजारी बसलेला तो पोरगा (पोरगा कसला, चाळिशीचा बाप्या) एकदम म्हणाला, "मावशी, त्याला सांगा, पंप आणू नको. पंप मेला नाय. माझे पगाराचे पैसे ह्याच्यातच जात होते."

मग त्याने ओभूरची हकिकत सांगितली. ती आम्ही जशीच्या तशी देतो.

त्याच्याकडे एक नऊ मीटरची फायबरची बोट होती. मालकाचे कुटुंब शुक्रवार-शनिवारी फिरायला नेई, मुलेबाळे घेऊन. बोटीच्या अगदी तळाशी एक लहान पंप असतो. इंजिनाच्या दांड्याजवळून थेंब थेंब पाणी आत येते, पावसाचे येते, लाटांचे उडते; ते सगळे तळाशी जमते आणि हा पंप ते बाहेर फेकतो. त्याला बिल्ज पंप म्हणतात. तिथे एक फ्लोटही असतो, आपल्या संडासाच्या टाकीत असतो तसा. पाणी चढले की फ्लोट वर उचलला जातो, वीज सुरू होते, पंप चालतो. पाणी उतरले की बंद. माणूस लागत नाही. वीज घरची नव्हे, १२ व्होल्टच्या बॅटरीची.

तर त्या बोटीचा पंप दर दोन-तीन महिन्यांनी बंद पडे. मुकादम सांगे, पंप खराब, बदल. हा बदली. नवा पंप जोरात चाले. सगळे खूश. पुन्हा काही आठवड्यांनी तेच. आठ महिन्यांत तीन पंप झाले. चौथ्या वेळी मात्र कोणाला कळलेच नाही. रविवारी सकाळी हा कामावर गेला तर बोट धक्क्यालाच मागच्या बाजूने खाली बसलेली, आत इंजिनाच्या निम्म्यापर्यंत पाणी. आदल्या दिवशी त्यात सहा मुले होती.

मुकादमाने मालकास सांगितले, ह्या हिंदी माणसाने पंप नीट बसवला नाही. इंजिन उघडण्याचा खर्च ह्याच्या पगारातून कापायचे ठरले. तीन महिन्यांचा पगार. त्या वर्षी बहिणीचे लग्न होते.

"मी काय केलं, मावशी, मी भांडलो नाय. मालकाला म्हटलं, कापायचे तर कापा, पण अर्धा तास द्या आणि इथं उभे राहा."

स्टोअरमध्ये एका डब्यात ते काढून टाकलेले तीन जुने पंप पडले होते. त्याने एक बादली पाणी आणले, एक बॅटरी आणली, मध्ये फ्यूज घातला आणि एकेक पंप पाण्यात ठेवून जोडला. तिघांपैकी दोन पंप फर्रकन चालले. "मेलेले" पंप! मालक बघतच राहिला.

मग बोटीतल्या वायरींची पाळी. मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. पंपाच्या दोन वायरींच्या टोकांना लावला, तिथेही १२.४. मुकादम म्हणाला, बघा, वीज तर येतेय, म्हणजे दोष पंपाचाच.

इथे खरी मेख आहे, म्हणून जरा थांबून वाचा. मीटर स्वतः वीज जवळजवळ खातच नाही. वायरीत कुठे तरी सांधा कुजून केसाएवढाच धागा शिल्लक असला तरी मीटरला तो पुरतो आणि आकडा पूर्ण दिसतो. पंपाला मात्र दोन-चार अँपिअर लागतात. तेवढा प्रवाह त्या केसातून जायला लागला की सगळा जोर तिथेच संपतो. आम्हांस हे लगेच समजले. अंथरुणावर पडलेल्या रोग्याची नाडी आणि रक्तदाब अगदी छान असतो. त्याला उठवून चार पावले चालवा, मग कळते हृदय काय म्हणते ते. वॉर्डात नव्या पोरींना आम्ही हेच सांगत असू, चालवून बघा.

त्याने काय केले, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब दोन वायरी लावून ठेवला होता. तो पंपाच्या जागी जोडला. असा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे लहान पंपाएवढे काम वायरींना पडते. बल्ब पेटला तो कसा, तर विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लाल. आणि मीटरवर १२.४चे झाले ७. (हल्ली एलईडीचे टेस्ट लॅम्प मिळतात ते ह्या कामाचे नाहीत. त्यांना वीज इतकी थोडी लागते की कुजक्या सांध्यातूनही ते लख्ख पेटतात.)

आता दोष कोणत्या बाजूला, येणाऱ्या वायरीत की परतीच्या? त्याने एक लांब वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि बल्बची परतीची बाजू तिला जोडली. बल्ब तसाच लाल. म्हणजे परतीची वायर बरी आहे, दोष येणाऱ्या वायरीत. मग बल्बचे दुसरे टोक घेऊन तो पंपाकडून बॅटरीकडे एकेक सांधा मागे सरकत गेला. फ्यूजच्या अलीकडे लाल, फ्यूजच्या पलीकडे पांढरा लख्ख. सापडला! फ्यूज ठेवायची प्लॅस्टिकची डबी फळीखाली, तळातल्या पाण्यापासून चार बोटांवर बसवलेली होती. उघडली तर आत फ्यूज शाबूत, पण डबीचे पितळ हिरवेगार आणि भुसभुशीत.

मग नवा पंप बसवला की काही आठवडे तो चाले, ते का? दर वेळी पंप बदलताना हा फ्यूज काढून पुन्हा घाली. त्या घासण्याने आतली हिरवी काट थोडी खरवडली जाई, आणि श्रेय जाई नव्या पंपाला. पुन्हा खारी हवा लागली की काट परत. "आठ महिने मी पंप बदलत नव्हतो, मावशी, फ्यूज घासत होतो," असे तो म्हणाला आणि हसला. आमच्या मैत्रिणीला मात्र हसू आले नाही, ती आत निघून गेली. तिला ते तीन महिने आठवत असणार.

पगार कापला नाही. मालकाने पाठही थोपटली नाही आणि मुकादम त्यानंतर वर्षभर त्याच्याशी बोलला नाही, ते असो.

काट इतकी लवकर का चढते, हेही त्याने सांगितले. तांबड्या समुद्राला एकही बारमाही नदी मिळत नाही, वरून ऊन असे की पाणी सतत आटते. म्हणून तिथले पाणी फार खारे. जगातल्या समुद्रांत एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात ४०च्या वर. एलातचे पाणी तोंडात गेले म्हणजे आपल्यालाही ते कळते, समुद्र तोच. त्यात जेद्दाहचा उन्हाळा आणि हवेतला दमटपणा. उघडे तांबे तिथे टिकत नाही. म्हणून बोटीसाठी कल्हई केलेल्या तांब्याची वायर घेतात, म्हणजे आपल्या पितळी भांड्यांना होती तशी कल्हई प्रत्येक तारेला. सांधा नुसता पिळून वर काळी पट्टी गुंडाळायची नाही. लग दाबून बसवायचा आणि वर आत गोंद असलेली नळी गरम करून आवळायची. आणि सांधा तळात ठेवायचाच नाही, हाताच्या उंचीवर घ्यायचा.

दुसरी गोष्ट आम्हांस फारच पटली. रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत कोळ्यांच्या होड्या ओहोटीला चिखलावर कलंडतात. समोर कोर्लईचा किल्ला, आणि अलीकडे होड्यांची पोटे उघडी. पाणी कुठून येते ते तांडेलाला रोज डोळ्यांनी दिसते, तो तिथेच फट बुजवतो. भरती-ओहोटीचा फरक आपल्या कोकणात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. जेद्दाहला तो जेमतेम वीतभर. तिथली बोट रात्रंदिवस पाण्यावरच, तिचे पोट कोणाला दिसत नाही. म्हणजे सगळी भिस्त त्या मुठीएवढ्या पंपावर, आणि तो चालतो की नाही हे पाहायला कोणी जात नाही. अश्दोदच्या मरीनातही तीच गत.

बटण दाबून पंप वाजला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. नाही. बटणाला बहुधा तीन जागा असतात: आपोआप, बंद, आणि हाताने. "हाताने" केले की वीज फ्लोटला वगळून सरळ पंपाकडे जाते. पंप वाजतो, आपण निश्चिंत होतो, आणि फ्लोट तिकडे तेल आणि केसांच्या गुंत्यात अडकून पडलेला असतो. म्हणून हा माणूस आता दर गुरुवारी प्रत्येक बोटीच्या तळात एक-दोन बादल्या पाणी ओततो, हात मागे घेतो आणि पाहत राहतो. फ्लोट आपणहून उठला पाहिजे, पाणी बाहेर पडताना दिसले पाहिजे, आणि नंतर पंप आपणहून थांबला पाहिजे.

हे ऐकताना आम्हांस आमची एक रात्र आठवली. वॉर्डात घशातला कफ ओढणारे सक्शनचे यंत्र असते. रात्रपाळी घेताना आम्ही त्याचा दिवा पाहिला, लागला होता, घरघर आवाजही होता. पहाटे एका आजोबांना ठसका लागला, नळी घातली तर ओढच नाही. बाटलीचे झाकण तिरके बसले होते. सोबतच्या मुलीने पायाने चालवायचे जुने यंत्र धावत आणले म्हणून आजोबा वाचले. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत आम्ही पाळी घेताना नळी पाण्याच्या वाटीत बुडवून पाणी चढते का ते पाहत असू. दिव्यावर विश्वास नाही.

बाकीचे दोष थोडक्यात. पंप फिरतो पण पाणी फेकत नाही: आधी खालची जाळी काढून साफ करा. मग नळीत हवा अडली आहे का पाहा. नळी कुठे खाली लोंबून पुन्हा वर जात असेल तर तिथे हवा आणि पाणी कोंडते. वायरी उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते, आवाज ठीक येतो पण पाणी कमी. पंप सारखा चालू-बंद होतो: नळीतले पाणी परत तळात येत असते आणि पंप तेच तेच उपसतो. गोड्या पाण्याचा पंप, नळ सगळे बंद असताना मधूनच घुरघुरला, तर कुठे तरी गळती आहे. फ्यूज वरचेवर जातो: पंखा अडकला असेल, प्लॅस्टिकचा तुकडा किंवा दोरा निघतो. तिथे मोठा फ्यूज घालू नका. पंपावर जेवढा लिहिला असेल तेवढाच. ओभूरला लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी ठोकतात, असे तो म्हणाला. मग फ्यूज जळत नाही, वायर जळते आणि फायबरची बोटही.

आणखी एक. काही बोटींत पंपाची वायर मुख्य बटणाच्या पुढे जोडलेली असते. मालक घरी जाताना शहाण्यासारखे मुख्य बटण बंद करतो आणि पंपही बंद होतो. आपोआप चालणाऱ्या पंपाची वायर मुख्य बटणाच्या अलीकडून, बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावी. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. बालमित्रांनो, गणित करा: बॅटरी ७० अँपिअर-तासांची, पंप ३ अँपिअर खातो. सत्तर भागिले तीन, म्हणजे तेवीस तास. गळती मोठी असेल आणि पंप सतत चालला तर एका दिवसात बॅटरी रिकामी. मग पंप बंद आणि पाणी चालूच.

सर्वांत आधीची गोष्ट आम्ही शेवटी लिहितो आहोत, कारण त्यानेही ती शेवटी सांगितली आणि आईची बोलणी खाल्ली. पेट्रोलच्या बोटीत फळी उचलली की प्रथम नाक खाली न्यावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचते. वास आला तर बल्ब नाही, मीटर नाही, बटणाला हात नाही, आणि फोनसुद्धा खिशातच. सगळे उघडून वारा जाऊ द्यावा. बॅटरी चार्ज होत असतानाही तिच्यातून पेटणारा वायू निघतो, तिच्याजवळ ठिणगी पडू देऊ नये. आणि धक्क्यावरून घरच्यासारखी मोठी वीज बोटीत घेतलेली असेल तर तिची केबल आधी काढावी. त्या विजेचे काम इलेक्ट्रिशियनचे, नातवाचे नव्हे.

मुलांना काट पाहायची असेल तर घरी करता येईल. एका काचेच्या ग्लासात पाणी आणि दोन चमचे मीठ घाला. टॉर्चचे दोन सेल एकामागे एक लावा, दोन टोकांना तांब्याच्या दोन उघड्या तारा जोडून त्या पाण्यात सोडा, एकमेकींना लागू देऊ नका. धन टोकाची तार हळूहळू झिजेल आणि पाणी गढूळ, रंगीत होईल. मोठे माणूस जवळ असावे, खिडकी उघडी असावी, ते पाणी पिऊ नये. घरच्या प्लगला तार लावायची नाही. कधीच नाही.

आता आमच्या नातवाचे. फोन चालूच होता. इकडून हा मराठीत सांगे, आम्ही इब्रूत सांगू, तिकडे तो बोटीत पालथा. प्रथम नाक, वास नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बल्ब आणला. पंपाच्या जागी जोडला, तर पेटलाच नाही. आम्ही सांगितले, आता परतीची बाजू लांब वायरीने थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लाव. लावली मात्र, बल्ब लख्ख! म्हणजे आमच्याकडे दोष परतीच्या वायरीत. इंजिनाजवळच्या एका बोल्टला सगळ्या काळ्या वायरी एकत्र आवळल्या होत्या, त्यांतली पंपाची लग बोट लावताच तुटून हातात आली. सगळ्या दुरुस्तीला एक लग, थोडी वायर आणि वीस मिनिटे लागली.

"सफ्ता," तो म्हणाला, "मग ह्या दोन पंपांचं काय करू?"

ओसरीवरून उत्तर गेले, "एक बोटीत दुसरा म्हणून बसव, जरा वरच्या उंचीवर. पहिल्याला झेपलं नाय तर तो सुरू होईल. त्याला वेगळा फ्यूज आणि वेगळी वायर. आणि तो सुरू झाला की भोंगा वाजेल असं कर."

त्याने तसे केले आहे. भोंगा अजून वाजलेला नाही, पण दर गुरुवारी तो बादली ओततो आणि आम्हांस फोटो पाठवतो. आम्ही तो रेवदंड्याच्या मैत्रिणीला पाठवतो, ती मुलाला जेद्दाहला पाठवते.

पुढील अंकात उन्हाळ्यात पाय सुजतात त्याविषयी लिहू.

आपली,
नर्सबाई